'जूक'साठी बाजा कोणता?

समोरच्या इमारतीतला एक मुलगा रविवारी सकाळी दोन हार्मोनिका घेऊन माझ्याकडे आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गिटार बरी वाजवतो. एक हार्मोनिका सी पट्टीची, जुनी, कोपरे झिजलेली. दुसरी ई पट्टीची, कोरी करकरीत, चार दिवसांपूर्वी ऑनलाइन मागवलेली. दोन्ही दहा भोकांच्या.

"काका, ही नवी बिघडलेलीच आलीये का, बघता? परत करायला अजून तीन दिवस आहेत."

मी वाजवून पाहिली. दहा फुंकायचे आणि दहा ओढायचे, वीसच्या वीस सूर ठणठणीत होते. मग त्याने खरं दुखणं सांगितलं. त्याला हार्मोनिकावादक लिटल वॉल्टरची 'जूक' ही धून बसवायची होती. सी पट्टीवर काही जुळेना, म्हणून त्याने मोबाइलमधल्या अ‍ॅपला रेकॉर्ड ऐकवली. अ‍ॅप म्हणालं, ई. याने ई मागवली.

"आता सूर लागतात, पण ते गाणं होत नाही. शाळेच्या बँडने वाजवल्यासारखं वाटतं. चुकतंय काय, तेच कळत नाही."

अ‍ॅप खोटं बोललं नव्हतं. गाणं ई मध्येच आहे, आपल्या भाषेत पांढरी तीन. फक्त गाण्याची पट्टी आणि बाजाची, म्हणजे हार्मोनिकाची, पट्टी या ब्लूजमध्ये (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतात) बहुतेक वेळा वेगळ्या असतात, आणि हे कुठल्याही अ‍ॅपला कळत नाही. 'जूक' ए पट्टीच्या बाजावर, म्हणजे पांढरी सहावर, वाजवलेलं आहे हे मला ठाऊक होतं. ते सांगून त्याला दोन मिनिटांत वाटेला लावता आलं असतं. पण हा पोरगा पुढच्या आठवड्यात दुसरी रेकॉर्ड घेऊन येणार, हेही मला ठाऊक होतं. म्हणून म्हटलं, उत्तर माहीत नाही असं समजू आणि नुसत्या कानाने ते निघतं का पाहू. सकाळचे साडेनऊ झाले होते. आम्ही उठलो तेव्हा दीड वाजून गेला होता.

रेकॉर्डविषयी थोडं

'जूक' १२ मे १९५२ रोजी शिकागोत, युनिव्हर्सल रेकॉर्डिंगमध्ये ध्वनिमुद्रित झालं. लिटल वॉल्टर तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि मडी वॉटर्सच्या बँडमध्ये वाजवत होता. ही धून बँड आधीपासूनच कार्यक्रमांत वाजवायचा. गिटारवर स्वतः मडी वॉटर्स आणि जिमी रॉजर्स, ड्रमवर एल्गा एडमंड्स. बेस नाहीच. चेकर कंपनीने ती बाजारात आणली आणि बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) यादीत ती आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. नुसत्या हार्मोनिकाची, शब्द नसलेली धून त्या यादीच्या शेंड्यावर ना त्याआधी पोचली होती ना त्यानंतर पोचली. वॉल्टरने लगेच मडीचा बँड सोडला, आणि त्याच्या जागी आला ज्युनियर वेल्स.

आपल्या कामाच्या दोन गोष्टी यात आहेत. बेस नाही, म्हणजे खालचे सूर गिटारचे. आणि वॉल्टर हातात माइक व हार्मोनिका एकत्र धरून ते अँप्लिफायरमधून वाजवायचा. आवाज फाटका, जाड, सॅक्सोफोनकडे झुकणारा. या दुसऱ्या गोष्टीने पुढे आम्हाला चांगलंच चकवलं.

आधी सा, तोही खरा

रेकॉर्डवरचा सा ई आहे, हे अ‍ॅपने सांगितलंच होतं. तरी मी त्याला एक प्रश्न विचारला: तबकडी फिरवताना वेग थोडा चुकला असेल तर?

जुन्या ७८ च्या तबकड्यांबाबत हा प्रश्न टाळून चालत नाही. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सगळं गाणं जवळजवळ एक सेमिटोन, म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या पट्टीएवढं, चढतं. ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी फिरवली तरी सूर ४४ सेंट (शंभर सेंटचा एक सेमिटोन) वर जातो, म्हणजे अर्ध्या सेमिटोनला थोडाच कमी. मग ई फ्लॅटचं गाणं ई च्या वाटेवर लागतं आणि आपण चुकीचा बाजा विकत घेतो.

पडताळा कशाने घ्यायचा? गिटारने. ई मध्ये गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजते, आणि त्या मोकळ्या तारेचा भरदार आवाज दाबलेल्या तारेपेक्षा वेगळा कळतो. पोरगा गिटारवाला, त्याने लगेच ओळखलं: "ही मोकळीच आहे. असं ई शिवाय कोण वाजवेल?" गिटारी सगळ्या मिळून उतरवलेल्या असू शकतात हे खरं, पण हार्मोनिका उतरवता येत नाही. तिच्या पितळी पत्त्या कारखान्यात घासून जुळवलेल्या; वादकाला ऐनवेळी पिळायला खुंटीच नाही. त्यामुळे सगळा बँड हार्मोनिकाला मिळवून घेतो. हार्मोनिकाचे सूर बारा पट्ट्यांपैकी एकीवर नीट बसत असतील आणि गिटारची मोकळी तार त्याच्याशी सुसंगत असेल, तर वेगावर शंका घ्यायचं कारण उरत नाही. इथे दोन्ही जुळलं. सा म्हणजे पांढरी तीन, पक्कं.

पोझिशन म्हणजे आपली मूर्च्छना

ब्लूजवाले ज्याला पोझिशन म्हणतात ते समजवायला इंग्रजी पुस्तकं एक मोठं वर्तुळ काढतात. गाण्याच्या क्लासला चार महिने गेलेल्या माणसाला त्या वर्तुळाची गरज नाही. बाजाचे स्वर ठरलेले आहेत. तुम्ही सा कुठे मानता एवढाच प्रश्न.

बाजाच्या स्वतःच्या सा ला सा मानून वाजवलं की ती पहिली पोझिशन. थाट बिलावल. बाजाच्या पंचमाला सा मानलं की दुसरी पोझिशन. निषाद आपोआप कोमल होतो, थाट खमाज. बाजाच्या रिषभाला सा मानलं की तिसरी. गंधार आणि निषाद दोन्ही कोमल, थाट काफी. याहून पुढच्याही पोझिशन आहेत, पण त्या काळच्या शिकागोत सर्रास चालणाऱ्या या तीन.

उलट्या दिशेने हिशोब असा. गाण्याचा सा ई असेल तर पहिल्या पोझिशनला बाजा ई चा. दुसऱ्या पोझिशनला गाण्याच्या सा चा मध्यम, म्हणजे ए. तिसऱ्या पोझिशनला गाण्याच्या सा चा कोमल निषाद, म्हणजे डी. तीन उमेदवार: ई, ए, डी. बटण दाबून बाराही सूर देणारी क्रोमॅटिक हार्मोनिकाही वॉल्टर वाजवायचा, पण तिच्यावर सूर इतका खोल वळत नाही आणि सी च्या क्रोमॅटिकवर तो बटण न दाबता डी ला सा मानायचा. ई ला ते सोयीचं नाही. ती बाद.

आता पोराने हुशारीचा प्रश्न विचारला. "सर्वांत खालचा सूर बघितला तर कळेल ना? मोठा बाजा, खालचा सूर."

कळलं असतं, पण इथे एक गंमत आहे. ३३० हर्ट्झच्या आसपासचा ई, जो या धुनीचा मधला सा आहे, तो तिन्ही बाजांवर आहे. ई च्या बाजावर पहिल्या भोकाची फुंकर. डी च्या बाजावर पहिल्या भोकाची ओढ. ए च्या बाजावर दुसऱ्या भोकाची ओढ, शिवाय तिसऱ्याची फुंकरही. सूर तोच, जागा निराळी. अ‍ॅपला फक्त सूर ऐकू येतो. जागा आणि श्वास आपल्याला शोधायचे असतात.

वहीतलं पान

ई ला सा धरून तिन्ही बाजांचे खालचे सूर आम्ही वहीत लिहून काढले. तेच इथे देतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ए चा बाजा. फुंकून, पहिल्या भोकापासून: मंद्र म, मंद्र ध, सा, म, ध, तार सा. ओढून: मंद्र प, सा, ग, प, कोमल नी, तार रे.

ई चा बाजा. फुंकून: सा, ग, प, तार सा, तार ग, तार प. ओढून: रे, प, नी, तार रे, तार म, तार ध.

डी चा बाजा. फुंकून: मंद्र कोमल नी, रे, म, कोमल नी, तार रे, तार म. ओढून: सा, म, ध, तार सा, तार कोमल ग, तार प.

याच्या जोडीला एक नियम. हार्मोनिकावर मींड कुठेही घेता येत नाही. एका भोकात दोन पत्त्या असतात, एक फुंकरीची, एक ओढीची. दोहोंत जो सूर उंच, तोच खाली वळवता येतो, आणि दुसऱ्या सुराच्या थोडं अलीकडेपर्यंतच. पहिल्या सहा भोकांत ओढीचे सूर उंच, म्हणून तिथे ओढ वळते. सातव्यापासून पुढे फुंकर उंच, म्हणून वर फुंकर वळते. दुसऱ्या भोकाची ओढ दोन सेमिटोन वळते, तिसऱ्याची तीन, पहिल्याची आणि चौथ्याची एकेक. पाचव्याची जेमतेम हलते.

सतारीवर पडदा कुठलाही असो, तार ओढता येते. इथे तसं नाही. पण बाजाची ही लंगडी बाजूच शोध घेणाऱ्याच्या कामी येते. काय वाजवलंय हे ऐकून उमेदवार ठरत नाही, कारण साधे सूर सगळ्यांवर थोडेफार सापडतात. त्या बाजावर काय वाजूच शकत नाही ते शोधलं की उमेदवार गळायला लागतात.

दोन कसोट्या

पहिली कसोटी एका श्वासातल्या सुरांची. वॉल्टर जिभेने भोकं झाकून वाजवायचा. जीभ भोकांवर आपटते, त्या क्षणी शेजारच्या दोन-तीन भोकांचे सूर मिळून फुटतात आणि मग एकच उरतो. 'जूक'मधला ठसका त्यातून येतो. त्या फुटलेल्या क्षणात कुठले सूर आहेत? वेग निम्मा करून ऐकलं. सा-ग-प. सरळ, शुद्ध गंधाराचा मेळ.

वहीत बघितलं. ए वर दुसरं-तिसरं-चौथं भोक ओढलं की सा-ग-प. ई वर पहिलं-दुसरं-तिसरं फुंकलं की सा-ग-प. डी वर? एक-दोन-तीन ओढलं तर सा-म-ध. फुंकलं तर नी-रे-म. सा-ग-प एका श्वासात निघणारी जागाच नाही. डी चा बाजा गेला.

उरले दोन, आणि दोन्हींवर तो मेळ अगदी त्याच उंचीचा. पोराचं तोंड पडलं. त्याच्या ई च्या बाजावरही सा-ग-प होताच, म्हणून तर "सूर लागतात" असं तो म्हणत होता.

दुसरी कसोटी गंधाराची. ब्लूजचा गंधार शुद्धही नसतो आणि कोमलही नसतो. तो दोहोंच्या मधे कुठेतरी लोंबतो, कधी शुद्धावरून खाली ढळतो, कधी खालून वर सरकतो. आपल्याकडे अति कोमल वगैरे श्रुतींवरून गायकांची भांडणं होतात तशीच ही जागा; तिथे भांडण नाही, सगळ्यांनाच तो ढळलेला गंधार हवा असतो. 'जूक'मध्ये तो पावलोपावली आहे.

ए वर गंधार म्हणजे तिसऱ्या भोकाची ओढ, आणि ती तीन सेमिटोनपर्यंत वळते. सगळ्या बाजात सर्वांत लवचीक जागा हीच. वादक तोंडातली पोकळी किंचित बदलतो आणि गंधार हवा तेवढा ढळतो.

ई वर गंधार म्हणजे दुसऱ्या भोकाची फुंकर. खालच्या सहा भोकांत फुंकर वळत नाही. तिथला गंधार भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा. कोमलकडे सरकवता येतच नाही. आजचे काही वादक ओव्हरब्लो नावाची क्लृप्ती करून असे नसलेले सूर काढतात. ती हॉवर्ड लेवी याने १९७० च्या सुमारास रुजवली. १९५२ च्या शिकागोतल्या धुनीला तो हिशोब लावायचं कारण नाही.

पोराने आपला ई चा बाजा तोंडाला लावला, सा-ग-प वाजवलं, गंधार खाली खेचायचा प्रयत्न केला. पत्ती घुसमटली, सूर हलला नाही. "म्हणून शाळेचा बँड!" तो स्वतःच म्हणाला.

गंमत अशी की गंधाराच्या कसोटीने डी बाद झाला नसता. डी वर दुसऱ्या भोकाचा मध्यम एक सेमिटोन वळवला की शुद्ध ग, दोन वळवला की कोमल ग. अवघड, पण शक्य. तसंच मेळाच्या कसोटीने ई बाद होत नव्हता. दोन्ही कसोट्या लावल्या तेव्हाच एकटा ए उरला. एकच खूण पकडून छातीठोकपणे "अमुक बाजा" म्हणणारे मी बरेच पाहिलेत, मीही त्यातलाच होतो. आज ती सवय गेली आहे असं नाही, पण लाज वाटते एवढं खरं.

भूत

इथवर सरळ होतं. मग पोराने मोबाइलवर ध्वनीचा आलेख उघडला. रेकॉर्डमधला हार्मोनिकाचा एक जाड, गुरगुरणारा क्षण पकडला आणि म्हणाला, "काका, इथे ८२ हर्ट्झ दिसतोय. हा तर दोन सप्तकं खालचा ई. तुमच्या ए च्या बाजावर एवढं खाली काहीच नाही. म्हणजे बाजा कुठलातरी ढाला असणार."

ए च्या बाजाचा सर्वांत खालचा सूर २२० हर्ट्झचा. ८२ त्यावर कसा येणार? पहिला संशय गिटारवर. तिची मोकळी जाड तार नेमकी ८२.४ हर्ट्झची, आणि बेस नसलेल्या या बँडमध्ये ती सतत वाजतेच आहे. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मला दुसरंही दाखवायचं होतं.

माझ्याकडे एक लहानसा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आहे. जुना माइक आणि ए चा बाजा दोन्ही ओंजळीत बंद करून मी दुसरं आणि तिसरं भोक एकदम ओढलं. खोलीत गिटार नव्हती. तरी आलेखात तळाशी एक रेघ उमटली.

फाटलेल्या आवाजात दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाएवढा एक तिसरा सूर तयार होतो. तो कुठल्याही पत्तीचा नसतो. सा आणि शुद्ध गंधार यांचं नैसर्गिक गुणोत्तर ४ ला ५. सा ३३० धरला तर ग ४१२, फरक ८२. सा च्या बरोबर दोन सप्तकं खाली. म्हणजे वॉल्टरच्या हार्मोनिकाखाली जो भारदस्त तळ ऐकू येतो, त्यातला काही भाग असा हवेतून आलेला आहे.

माझ्या बाजावर मात्र रेघ ८२ वर आली नाही, ८५ च्या पुढे गेली, आणि गुरगुर थोडी कडवट लागली. कारण माझा बाजा आजच्या समान अंतराच्या जुळवणीचा आहे. त्यावर गंधार ४१५ हर्ट्झचा, किंचित चढा. त्या काळच्या 'मरीन बँड' नावाच्या हार्मोनिका नैसर्गिक स्वरांतरांना धरून जुळवलेल्या असत, म्हणून त्यांचे मेळ गोड लागत आणि हे भूतही सुरात येई. हार्मोनियमवाले गांधार ट्यूनिंगसाठी का हटून बसतात हे ज्याला माहीत आहे त्याला आणखी सांगायला नको.

तर आलेखातला सर्वांत खालचा सूर बाजाचा असतोच असं नाही. अँप्लिफायरमधून वाजलेल्या रेकॉर्डवर तर नाहीच. हेच कारण की मंद्र सुरांची कसोटी मी शेवटी ठेवतो. कसोटी म्हणून ती सुरेख आहे: ई च्या बाजावर सा च्या खाली काहीच नाही, डी वर फक्त कोमल नी, ए वर मात्र प, ध, म असा अख्खा तळमजला. स्वच्छ मंद्र पंचम ऐकू आला तर बाकी काही न करता ए म्हणता येतं. पण तो गिटारचा नाही आणि भुताचाही नाही, याची खात्री आधी करावी लागते.

बाजा हातात घेतल्यावर

दीडच्या सुमाराला मी त्याला माझा ए चा बाजा दिला. सुरुवातीची चढण त्याने ओढत घेतली, सा, ग, प, आणि माथ्यावरचा तार सा सहाव्या भोकावर फुंकून. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात ती ओळखीची वाटायला लागली.

तिथे त्याला आणखी एक गोष्ट जाणवली, जी वहीत नव्हती. मधला सा आणि तार सा यांचा स्वभाव वेगळा. मधला सा दुसऱ्या भोकाची ओढ, तो लवतो, पार कोमल निषादापर्यंत घसरवता येतो. तार सा फुंकर, तो खिळ्यासारखा. "रेकॉर्डमध्ये पण खालचा सा ओला आणि वरचा कोरडा आहे," तो म्हणाला. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी वहीत लिहून ठेवलं. ई च्या बाजावर दोन्ही सा फुंकरीचेच, दोन्ही कोरडे.

ब्लूजच्या बारा बारच्या (बारा आवर्तनांच्या) चक्रात श्वासही बरोबर बसतो. सा च्या घरात ओढ. मध्यमाच्या घरात गेलं की फुंकर, कारण ए च्या बाजाची संपूर्ण फुंकर हाच मुळी म चा मेळ आहे. ई च्या बाजावर पूर्ण म चा मेळ खालच्या भोकांत कुठेच नाही. आधी लक्षात आलं असतं तर हीच कसोटी पहिली लावली असती.

तोच बाजा, दुसरं घर

त्याच्या डोक्यात आता "गाण्याच्या सा चा मध्यम" हे सूत्र पक्कं बसलेलं दिसलं, आणि मला ते मोडायचं होतं. जिमी रीडचं १९६१ चं 'ब्राइट लाइट्स, बिग सिटी' लावलं. गाणं ए मध्ये. सूत्राने बाजा यायला हवा डी चा.

जिमी रीड गळ्यात तारेच्या पट्ट्यावर हार्मोनिका अडकवून, हाताने गिटार वाजवत वाजवायचा. त्याची हार्मोनिका वरच्या सप्तकात, बारीक, टोचणारी. आणि तिथला गंधार ढळतो. डी च्या बाजावर त्या उंचीचा गंधार सातव्या भोकाची ओढ आहे, आणि सातव्यापासून पुढे ओढ वळत नाही. ए च्या बाजावर तोच गंधार आठव्या भोकाची फुंकर, जी वळते. म्हणजे गाणं ए मध्ये, बाजाही ए चा, पहिली पोझिशन. ज्या पोझिशनने ई च्या बाजावर खाली दगा दिला, तीच वरच्या भोकांत ब्लूज बोलते. दुसरं काही नाही, सातव्या भोकापाशी फुंकर आणि ओढ आपापल्या जागा बदलतात, त्याची ही करामत.

ई चा बाजा त्याने परत केला नाही. वरची तीन-चार भोकं त्याला आता वेगळी दिसायला लागली होती.

जाताना त्याच्या हातात मी एक गृहपाठ दिला: सनी बॉय विल्यमसन नावाच्या दोन वादकांपैकी दुसऱ्याचं 'हेल्प मी', १९६३. गाणं एफ मध्ये, आणि चाल मायनरची. त्याने जिन्यातूनच उत्तर दिलं, "कोमल गंधार, म्हणजे काफी, म्हणजे तिसरी. ई फ्लॅट!"

मी काही बोललो नाही. कोमल गंधार ऐकू येणं आणि बाजावर तो आयता असणं यांत फरक आहे. दुसऱ्या पोझिशनमध्ये तो तिसऱ्या भोकावर वळवून घेता येतोच.

सोमवारी रात्री पावणेअकराला निरोप आला. "काका, बी फ्लॅट. सा ओला आहे. पार कोमल नी पर्यंत घसरतोय, पहिल्या भोकावर एवढं होत नाही."